बीजिंगची ग्रुप टूर: झेंड्यामागचा एक दिवस कसा काढायचा

ग्रुप टूरने चीनला जाताय आणि बीजिंगमधे एका दिवसात तिआनमेन चौक, फॉरबिडन सिटी म्हणजे बादशहांचा जुना राजवाडा आणि टेंपल ऑफ हेवन असा प्लॅन हातात आलाय, तर सगळ्यात आधी वार बघा. फॉरबिडन सिटी सोमवारी बंद असते, मोठी सरकारी सुट्टी असेल तेवढी सोडून. आणि 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा जमलं तर टाळाच, अख्खा चीन फिरायला निघालेला असतो.

निघताना ओरिजिनल पासपोर्ट जवळ हवाच, हॉटेलच्या लॉकरमधे ठेवून यायचा नाही, झेरॉक्सवर भागत नाही. चौकाचं आणि राजवाड्याचं दोन्ही बुकिंग पासपोर्ट नंबरवर आधीच झालेलं असतं, त्यामुळे मधल्या काळात पासपोर्ट रिन्यू केला असेल तर नवा नंबर टूरवाल्यांना दिलाय ना ते घरूनच बघा. लायटर वगैरे असेल तर रूमवरच ठेवा. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी सातची बस म्हणजे आपल्या शरीराच्या हिशोबाने पहाटेचे साडेचार, पहिल्या दिवशी तरी आदल्या रात्री लवकर झोपा.

फोनचं असं आहे की हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चालत नाही, भारतातून रोमिंग पॅक घेऊन गेलात तर चालतं. अलीपे हे पैसे द्यायचं अ‍ॅप इथूनच डाउनलोड करून कार्ड जोडून ठेवा, पाण्याच्या बाटलीपासून सगळं क्यूआर कोडवर घेतात. गाईडचा वीचॅट (तिथलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) आणि फोन नंबर दोन्ही घ्या, आणि झेंड्याचा रंग लक्षात ठेवा, कारण तिथे पन्नास गाईड पन्नास झेंडे घेऊन फिरत असतात आणि आपली माणसं फोटो काढता काढता दुसऱ्याच ग्रुपमागे चालायला लागतात.

आता राजवाडा. दक्षिणेकडच्या वूमेन दरवाजातून आत जायचं आणि उत्तरेच्या शेनवूमेनमधून बाहेर पडायचं, वन वे. म्हणून चुकलात तर मागे वळून शोधत बसू नका, सरळ उत्तरेच्या दारापर्यंत जाऊन थांबा, आणि हे आई-बाबांनाही आत शिरायच्या आधीच सांगून ठेवा. आतलं अंतर जवळजवळ एक किलोमीटर, पण पायऱ्या, उंच उंबरे आणि इकडेतिकडे धरून पायांना ते बरंच जास्त पडतं. पुढच्या मोठ्या चौकांमधे एकही झाड नाही, टोपी हवीच, सावली थेट शेवटच्या बागेत. मधल्या ताईहेदियान हॉलच्या दाराशी सिंहासन बघायला रेटारेटी असते, आत कोणालाच सोडत नाहीत, मला तर तिथे घुसण्यापेक्षा मागे येऊन छपराच्या कोपऱ्यावरचे छोटे प्राणी मोजायला आवडतं, ओळीत दहा आहेत, एवढे दुसऱ्या कुठल्याच इमारतीवर नाहीत. आणि बाओहेदियान हॉलच्या मागच्या जिन्याशी नक्की थांबा, तिथे ड्रॅगन कोरलेला एकच अखंड दगड आहे, 16.57 मीटर लांब, दोनशे टनांच्या वर. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी ओतून त्याचा बर्फ करून त्यावरून तो ओढत आणला म्हणतात. घाईतले ग्रुप त्याच्या बाजूने निघून जातात.

उत्तरेच्या दारासमोरच जिंगशान टेकडी आहे, राजवाड्याच्या खंदकातून निघालेल्या मातीची. 1644 साली मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहाने इथेच गळफास घेतला. वर चढलं की सगळी पिवळी छपरं एका नजरेत दिसतात. बऱ्याच ग्रुप टूरमधे ही नसते, त्याऐवजी सिल्क, मोती नाहीतर चहाचं दुकान असतं. माझं मत विचाराल तर चार-पाच जणांनी मिळून आदल्या दिवशीच गाईडला गोड शब्दात सांगा की दुकानाचा वेळ कमी करून जिंगशान द्या. 2013 पासून तिथल्या कायद्यानुसार जबरदस्तीची खरेदी चालत नाही, पण भांडून काही मिळत नाही, गाईडलाही वर उत्तर द्यायचं असतं. दुकानात गेलातच तर चहा फुकट प्या, एसीत बसा, कार्ड खिशातच राहू द्या. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा विषय काढा, अनेक गाईडना ते "के दीहुआ" म्हणून माहीत असतात आणि मग गप्पा छान रंगतात.

जेवण बहुतेक इंडियन रेस्टॉरंटमधे असतं. बाहेर खायचं असेल तर "मांस, मासे, अंडं नको" असं चिनीत लिहिलेला फोटो फोनमधे ठेवा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बौद्ध शाकाहारी हॉटेल शोधा, त्यांच्याकडेही ते वर्ज्य असतं. थर्मास न्या, गरम पाणी जिथे तिथे मिळतं. पब्लिक टॉयलेट बहुतेक आपल्यासारखीच, उकिडवं बसायची, पण टिश्यू स्वतःचे लागतात.

दुपारी टेंपल ऑफ हेवनला येईपर्यंत सगळे थकलेले असतात. गोल देवळाचा फोटो पटकन काढा आणि उरलेला वेळ लांब कॉरिडॉरमधे घालवा, तिथे रिटायर्ड मंडळी पत्ते कुटत, गाणी म्हणत बसलेली असतात, आणि बसायलाही जागा मिळते. संध्याकाळी अ‍ॅक्रोबॅटिक शो असेल तर तो ऑप्शनल आहे का ते सकाळीच विचारून घ्या, पाय दुखत असतील तर तेवढ्या वेळात सरळ हॉटेलवर जाता येतं.