पोटगी आधी, भाडं नंतर: विभक्त झाल्यावर घराचा हिशेब

विभक्त झाल्यावरची सगळ्यात महागडी चूक बहुतेक वेळा पहिल्या पंधरवड्यातच होते. आधीच्या घराएवढंच घर घाईघाईत भाड्याने घेतलं जातं, वर्षभराच्या करारावर सही होते, आणि मुलांच्या पोटगीचा आकडा ठरतो त्यानंतर काही महिन्यांनी. तेव्हा भाडं कमी करायची सोय उरलेली नसते. म्हणून क्रम उलटा ठेवा. आकडा ठरेपर्यंत महिन्याभराच्या नोटिशीवर सोडता येईल अशी जागा घ्या, मग ती गैरसोयीची असली तरी चालेल.

आकड्याचा अंदाज मात्र आजच काढा. तुमच्याकडे पोटगीचं ठरलेलं सूत्र असेल तर ते लावून पाहा. काही ठिकाणी फक्त देणाऱ्याच्या उत्पन्नाचा टक्का धरतात, काही ठिकाणी दोघांचं उत्पन्न एकत्र करून त्या प्रमाणात खर्च वाटतात. सूत्र नसेल तर मुलाचा पूर्ण वर्षाचा खर्च कागदावर उतरवा आणि बाराने भागा. एका महिन्याचा खर्च मोजून बाराने गुणू नका, कारण फी, पुस्तकं, चष्मा, दातांचं काम, सहल हे खर्च नेमके त्या महिन्यात नसतात. आलेली रक्कम दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात विभागा.

आता भाड्याकडे. 'उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं' हा ठोकताळा बहुतेकांना पाठ असतो, पण तो पूर्ण पगाराला लावला की गणित बिघडतं. हातात पडणारा पगार १०० धरा आणि पोटगी २२. उरले ७८. या ७८ चे तीस टक्के म्हणजे साधारण २३. तुम्ही सवयीने ३० चं घर घेतलंत तर उरलेल्या पैशातले ३८ टक्के भाड्यात गेले. कागदावर फरक सातचाच दिसतो. प्रत्यक्षात ३० भाड्याला गेले की जेवण, वीज, प्रवास, जुनी कर्जं आणि आजारपण हे सगळं ४८ मध्ये बसवावं लागतं. भाडं आठवड्याने द्यायचं असेल तर महिन्याचा आकडा काढताना चारने गुणू नका. ५२ ने गुणून बाराने भागा. चारने गुणणाऱ्याच्या हिशेबातून वर्षाला चार आठवड्यांचं भाडं चक्क गायब होतं.

लांबचं स्वस्त घर घेण्याआधी फेऱ्या मोजा. मूल एक आड एक शनिवार-रविवार तुमच्याकडे येणार आणि ने-आण तुम्हीच करणार असाल, तर प्रत्येक वेळी चार खेपा होतात: आणायला जाणं, घेऊन येणं, सोडायला जाणं, एकट्याने परतणं. घरं ४० किलोमीटर अंतरावर असतील तर एका वेळचे १६० आणि महिन्याचे साधारण ३५० किलोमीटर (वर्षाला २६ वेळा धरून). हा खर्च भाड्यात मिळवा आणि मग ते घर खरंच स्वस्त आहे का ते पाहा. मुलासाठी वेगळी खोली हवी का, हा प्रश्नही रात्री मोजूनच सोडवा. महिन्याला चार रात्रींसाठी बाहेरच्या खोलीतला पलंग आणि मुलाचं स्वतःचं कपाट पुरतं. आठवड्याच्या निम्म्या रात्री असतील तर नाही पुरत. मुलाच्या मुक्कामाबद्दल कोर्टाची अट असेल तर अर्थातच ती आधी.

पोटगी घेणाऱ्याने घर निवडताना वेगळी कसोटी लावावी: दोन महिने पोटगी आली नाही तरी भाडं आणि वीजबिल स्वतःच्या कमाईतून किंवा बाजूला ठेवलेल्या पैशातून भरता येईल का? येत नसेल तर ते घर परवडत नाही, कारण मिळायची रक्कम आणि मिळालेली रक्कम यात उशिराचं अंतर असतंच. आणि 'माझी पोटगी समोरच्याच्या भाड्यात जाते' ही देणाऱ्याची तक्रार तितकीशी खरी नाही. मूल त्याच छपराखाली झोपतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात मुलाचा निवारा आणि पालकांकडून पोटगीची वसुली या दोन्ही गोष्टी एकाच, सत्ताविसाव्या कलमात आहेत.

सामाईक गृहकर्ज असेल तर जास्त सावध राहा. दोघं सहकर्जदार असताना आपसात ठरलं की 'यापुढे हप्ते तू भर', तरी बँकेच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. हप्ता चुकला की ती दोघांच्याही मागे लागू शकते आणि डाग दोघांच्या पतइतिहासावर पडतो. कर्जातून नाव काढायला बँकेची लेखी संमती किंवा नवं कर्ज लागतं. एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घ्यायचा असेल तर आधी असा हिशेब करा: घराची किंमत १००, कर्ज बाकी ६०, उरलेले ४०, दुसऱ्याचा निम्मा वाटा २०. तो देण्यासाठी कर्ज ८० वर जातं. व्याजदर आणि मुदत तीच राहिली तर हप्ता एक तृतीयांशाने वाढतो, आणि तोही आता एकाच पगारातून भरायचा. त्या पगारातून पोटगी वजा केल्यावर हप्ता झेपत नसेल तर घर विकायला काढलेलं बरं. ते जड जातं, पण हप्ते थकल्यावर बँकेने विकण्यापेक्षा हातात बरंच जास्त पडतं.

'मी हप्ता भरतो, तीच पोटगी' हे तोंडी कधीच ठेवू नका. हप्त्यातला मुद्दलाचा भाग घरातला मालकी हिस्सा वाढवतो. तो मुलाचा खर्च धरायचा की मालमत्तेची वाटणी, हे लेखी नसेल तर पुढे तीच रक्कम दोनदा मागितली जाते. करारात रक्कम, कोणत्या महिन्यापर्यंत आणि घर विकल्यावर काय, या तीन गोष्टी लिहून घ्या.

पैसे हलवण्याची शिस्त साधी आहे. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी पोटगी आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्या, भाडं त्यानंतर. तपशिलात महिना लिहा: 'जुलै, पोटगी'. रोख द्यावीच लागली तर तारखेसह पावती घ्या. मुलाला घेतलेले बूट किंवा सायकल पोटगीत सहसा धरली जात नाही, म्हणून ती परस्पर वजा करू नका. वार्षिक खर्चाचा आपला वाटा दरमहा वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर फीच्या महिन्यात भाडं हमखास थकतं.

नोकरी गेली, पगार घटला, तर त्याच आठवड्यात दोन पत्रं लिहा. एक घरमालकाला, मुदत किंवा कमी भाड्याची जागा मागणारं. दुसरा अर्ज पोटगीचा आदेश देणाऱ्या यंत्रणेकडे, आदेशात बदल मागणारा, सोबत पगाराच्या स्लिपा किंवा नोकरी संपल्याचं पत्र. बहुतेक ठिकाणी रक्कम बदलली तरी ती अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही. तोवरची थकबाकी जुन्याच आकड्याने साचते. सहा महिने गप्प बसणाऱ्याला तेच सहा महिने नंतर फेडावे लागतात. निकाल लागेपर्यंत जेवढं जमेल तेवढं भरत राहा, शून्यावर जाऊ नका. मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पोटगी थांबवणंही अंगाशी येतं. भेटीची तक्रार वेगळी नोंदवा.