दोन केबल टाका, पण लूप होऊ देऊ नका

तीन मजली ऑफिस धरू. सर्व्हर रूममध्ये दोन कोअर (मुख्य) स्विच आणि, तिथली यंत्रं जोडायला, प्रत्येक मजल्यावर एक अ‍ॅक्सेस स्विच. एक केबल तुटली किंवा एक कोअर बंद पडला तरी मजला चालू राहायला हवा, म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सेस स्विचपासून दोन फायबर येतात, एकेका कोअरला एकेक. दोन्ही कोअर आपापसात जोडलेले असतातच. झाला त्रिकोण, म्हणजेच लूप.

इथरनेट फ्रेमला आयपी पॅकेटसारखा टीटीएल, म्हणजे ठरावीक टप्प्यांनंतर पॅकेट संपवणारा आकडा, नसतो. एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठीची फ्रेम) त्रिकोणात शिरला की फिरतच राहतो आणि प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांवर पसरतो. बघता बघता सगळे दिवे एकत्र फडफडू लागतात, लॉगमध्ये एकाच उपकरणाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दोन पोर्टांवर उड्या मारताना दिसतो आणि स्विचमध्ये लॉगिनही होत नाही. कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) हाताशी हवी ती यासाठीच.

स्पॅनिंग ट्री, म्हणजे लूप तोडणारा स्विचमधला प्रोटोकॉल, यातली एक लिंक बंद ठेवतो. त्याच्या जुन्या ८०२.१डी प्रकारात दुसरी लिंक उघडायला ३० ते ५० सेकंद लागतात, आरएसटीपी हा त्याचा जलद प्रकार ते काम बहुतेक वेळा काही सेकंदांच्या आत करतो. पण खरी अडचण वेळेची नाही. बंद ठेवलेल्या पोर्टवर बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीसाठी स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश) येणं थांबलं, मग ते फायबर एका दिशेने मेल्यामुळे असो वा स्विचचा सीपीयू गुदमरल्यामुळे, तर तो पोर्ट उघडतो आणि लूप चालू होतो. म्हणून लूप मुळातच राहणार नाही अशी रचना करा आणि स्पॅनिंग ट्री फक्त राखणीला ठेवा.

त्यासाठी दोन्ही कोअर एकच स्विच असल्यासारखे दिसले पाहिजेत: स्टॅक करा (दोन्ही जोडून एकच स्विच बनवा) किंवा एमलॅग वापरा (दोन वेगळे स्विच समोरच्याला एकच भासतात). मग अ‍ॅक्सेस स्विचच्या दोन्ही लिंक एलएसीपीने, म्हणजे दोन्ही टोकं आपसात बोलून लिंक जोडतात त्या प्रोटोकॉलने, एका बंडलमध्ये बांधा. दोन्ही टोकांना मोड 'अ‍ॅक्टिव्ह' द्या. दोन्हीकडे 'पॅसिव्ह' असेल तर बंडल बनतच नाही. 'ऑन' हा स्टॅटिक मोड टाळाच. त्यात समोरचं टोक तयार आहे का हे कोणी विचारत नाही, आणि समोर बंडल नसेल तर लूपची वाट मोकळी होते. बंडलमधल्या पोर्टांचा स्पीड, व्हीलॅनची (एकाच स्विचवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कची) यादी, नेटिव्ह (टॅग नसलेल्या फ्रेमचा) व्हीलॅन तंतोतंत सारखं ठेवा.

क्रम महत्त्वाचा: आधी दोन्ही टोकांचं कॉन्फिग, मग पहिली केबल, बंडल वर आलेलं बघा, मगच दुसरी केबल.

स्टॅक असेल तर दोन लिंक दोन वेगळ्या मेंबरवर (स्टॅकमधल्या स्विचवर) आणि ते मेंबर दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. हे न पाळल्यास दुसरी केबल असून नसल्यासारखी. एमलॅगमध्ये पीअर लिंक (दोन कोअरमधली जोडणी) किमान दोन केबलची ठेवा आणि कीपअलाइव्ह (दुसरा कोअर जिवंत आहे का ते पाहणारा संदेश) वेगळ्या वाटेने, शक्यतो मॅनेजमेंट पोर्टवरून न्या. दोन्ही एकाच वाटेने गेले आणि ती वाट तुटली, तर दोन्ही कोअर स्वतःलाच मुख्य समजतात. एवढं करूनही १ गिगाबिटच्या दोन लिंकवर एका फाइल कॉपीला २ गिगाबिट मिळणार नाहीत. कुठला प्रवाह कुठल्या लिंकवर हे ठरवणाऱ्या हॅशमुळे एक प्रवाह एकाच लिंकवरून जातो.

आता राखण. आरएसटीपी चालूच ठेवा. स्टॅक किंवा एमलॅगच्या जोडीला प्रायॉरिटी ४०९६ द्या; आकडा सर्वात लहान तो स्विच रूट, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा मुख्य स्विच, होतो. कोअर सुटेच ठेवावे लागले तर पहिल्याला ४०९६, दुसऱ्याला ८१९२. सगळीकडे मूळ ३२७६८ राहू दिली तर सर्वात लहान मॅक अ‍ॅड्रेसवाला स्विच रूट होतो, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातला जुनाट स्विच निघतो.

टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टांवर एज मोड (पोर्ट लगेच उघडणारा) आणि बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारा) लावा. आयपी फोनचे दोन्ही पोर्ट भिंतीतल्या सॉकेटांत खोचणं हा नेहमीचा प्रकार आहे, गार्ड तो तिथेच पकडतो. काही साधे स्विच मात्र बीपीडीयू गिळतात; त्यांच्यासाठी लूप डिटेक्शन आणि ब्रॉडकास्टवर स्टॉर्म कंट्रोलही (प्रमाणाबाहेरचे ब्रॉडकास्ट अडवणारं) हवं. बीपीडीयू अडवणाऱ्या बीपीडीयू फिल्टरला हात लावू नका, तो राखणदारालाच आंधळा करतो.

शेवटी चाचणी. सतत पिंग चालू ठेवून एक फायबर काढा. एखाद-दुसरा पिंगच चुकायला हवा. परत लावून दुसरा काढा. मग एका कोअरची वीज बंद करा. तो परत सुरू होतानाही पिंगवर नजर ठेवा, कारण पोर्ट वर आले पण कोअर अजून तयार नाही, अशी फट बहुतेकदा त्याच वेळी पडते.