ओटीजी तापत नाही? आधी वीज कुठे अडली ते शोधा

ओटीजीच्या (ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या) आत फार काही नसतं. प्लगमधून आलेली वीज टायमर, थर्मोस्टॅट (तापमान आवरणारा भाग) आणि फंक्शनचं बटण (कोणता रॉड चालवायचा ते ठरवणारं) यांतून फिरून तापणाऱ्या रॉडपर्यंत जाते. मॉडेलनुसार क्रम थोडा इकडेतिकडे होतो. ओव्हन थंड राहतो तेव्हा या वाटेत कुठेतरी खंड पडलेला असतो. म्हणून रॉड बदलायची घाई करू नका. रॉडपेक्षा टायमर आणि सैल झालेली जोडणी जास्त त्रास देतात.

सुरुवात न उघडता करा. टायमर शून्यावर असेल तर बहुतेक ओटीजींत वीज पुढे जातच नाही, तापमान कितीही लावा. तो आधी तीस मिनिटांच्या पुढे फिरवा आणि मग हवं तिथे मागे आणा, कारण अगदी कमी वेळ थेट लावला तर आतली स्प्रिंग नीट पकडत नाही. फंक्शन वर-खाली दोन्ही रॉडवर आणि तापमान २५० वर ठेवून पाच मिनिटं थांबा. रॉड लाल दिसला नाही म्हणजे बंद आहे असं नाही. धातूच्या नळीतले रॉड बरेचदा लाल न होताच तापतात. दार उघडून हात वीतभर लांब धरला की धग कळते. तसंच, चालता चालता दिवा किंवा रॉड मध्येच विझणं हा बिघाड नव्हे. हवं ते तापमान आलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि ओव्हन थोडा निवला की पुन्हा जोडतो.

आता सॉकेट बघा. १६०० वॉटचा ओटीजी २३० व्होल्टला साधारण ७ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर बोर्ड वितळू शकतो आणि ओव्हनलाही व्होल्टेज कमी मिळू शकतं. व्होल्टेजचा परिणाम वाटतो त्याहून मोठा असतो: १८० व्होल्टला तोच ओव्हन जेमतेम ९८० वॉट देतो. संध्याकाळी केक कच्चा राहतो आणि दुपारी नीट भाजतो, तर दोष बहुधा ओव्हनचा नाही, संध्याकाळी पडणाऱ्या व्होल्टेजचा आहे.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच उघडा, तेही वॉरंटी संपली असेल तर. प्लग काढा (नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही) आणि ओव्हन पूर्ण निवू द्या. मागचं आणि बाजूचं पत्र्याचं आवरण काढलं की आधी डोळ्यांनी बघा. रॉडच्या टोकाला बसवलेला पितळी लग (वायर जोडायची धातूची पट्टी) काळा पडलाय का, वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय का? सैल लग तापतो, तापला की आणखी सैल होतो आणि शेवटी जळतो. तो नवा बसवताना वायर उष्णतारोधक, काचेच्या धाग्याच्या आवरणाचीच घ्या. साधी पीव्हीसी वायर आत वितळेल.

मग मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजायच्या खुणेवर ठेवा आणि तपासायच्या भागाची एक बाजू सोडवून घ्या. टायमर फिरवलेला आणि थर्मोस्टॅट कमाल तापमानावर असताना दोन्हींचं रीडिंग जवळपास शून्य यायला हवं. फंक्शनच्या बटणाचंही तसंच. ते न दाखवणारा भाग बदला. रॉडमध्ये मात्र ओहम दिसतात. २३० व्होल्टवर एकटा चालणारा ८०० वॉटचा रॉड सुमारे ६६ दाखवेल. अनेक ओटीजींत वरचे दोन रॉड एकामागोमाग जोडलेले असतात, म्हणून एक तुटला की दोन्ही थंड पडतात. अशा वेळी प्रत्येक रॉड वेगळा मोजा, तुटलेला तेवढाच बदला आणि वॉट व लांबी जुन्याइतकीच ठेवा.

काही मॉडेलांत वायरवरच छोटा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज कायमची तोडणारा) असतो, बहुधा पांढऱ्या आवरणात. तो उडाला तर त्याच्यावर छापलेल्याच तापमानाचा आणि अँपिअरचा घ्या. तो सोल्डर करू नका, त्या उष्णतेनेच उडतो. क्रिंप करून, म्हणजे धातूची नळी दाबून घट्ट करून जोडा. दुरुस्तीवाला ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे तो भाग वगळून वायर थेट जोडतो, असं म्हणाला तर स्पष्ट नकार द्या. थर्मोस्टॅट वगळलेला ओव्हन तापतच राहतो, आणि फ्यूज वगळला तर थर्मोस्टॅट बिघडल्यावर तापमान आवरणारं आत काहीच उरत नाही.

ओव्हन लावताच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा घरातला स्विच) पडत असेल तर गोष्ट वेगळी. पावसाळाभर बंद राहिलेल्या ओटीजीच्या रॉडमध्ये भरलेली वीजरोधक पूड दमट होते आणि वीज बॉडीकडे गळते. कोकणात हे नेहमीचंच. एकेक रॉडची दोन्ही टोकं सोडवून टोक आणि बॉडी यांच्यात मोजा. काहीही रीडिंग आलं तर रॉड काढून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा मोजा. तरी गळती राहिली तर रॉड बदला. मल्टिमीटरला काही दिसलं नाही आणि तरी आरसीसीबी पडतच असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (जास्त व्होल्टेज लावून गळती शोधणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. तोवर आरसीसीबी वगळून ओव्हन चालवू नका.

आवरण बसवताना अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याला घट्ट आहे ना, ते हाताने ओढून बघा. पहिली दहा मिनिटं ओव्हन रिकामा चालवा आणि प्लगला हात लावून पाहा. तो चटका देण्याइतका तापला तर सॉकेटच्या आतली पकड सैल आहे. सॉकेट बदलल्याशिवाय ओव्हन वापरू नका.