एकाच कार्यालयात दोन लग्नं आणि हातात थोडं बजेट: फुलांच्या सजावटीत या चुका टाळा

तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरातल्या कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात. चांगल्या मुहूर्ताला एका कार्यालयात दोन-दोन लग्नं लागतात. खालच्या हॉलमध्ये एक, वरच्या हॉलमध्ये दुसरं. नाहीतर सकाळी एकाच्या अक्षता आणि संध्याकाळी त्याच स्टेजवर दुसऱ्याचं रिसेप्शन. गेट एक, जिना एक, भटारखाना एक आणि सामानाची खोलीही एकच. अशा जागी शे-दीडशे माणसांच्या लग्नाची सजावट करायला नवी पोरं-पोरी हौसेनं उतरतात आणि दर सीझनला त्याच चुका करतात. फुलं कमी पडली म्हणून सजावट बिघडल्याचं मी क्वचितच पाहिलंय. आदल्या दिवसाचं काम लग्नाच्या सकाळवर ढकललं की ती हमखास बिघडते.

फुलांना पाणी न पाजता थेट फ्रेमवर चढवणं

ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. पहाटे फूलबाजारातून माल उचलायचा, टेम्पोत टाकायचा आणि आठ वाजता कार्यालयात तारेनं बांधायला बसायचं. मुहूर्त साडेबाराचा. मंगलाष्टकं संपेपर्यंत जर्बेऱ्याच्या माना खाली आलेल्या असतात. मग "मालच खराब दिला" म्हणून फूलवाल्याच्या नावानं ओरड सुरू. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या पॉलिहाऊसमधला जर्बेरा आणि डच गुलाब आपल्याला ताजा मिळतो, आणि आपणच त्याची वाट लावतो.

तोडलेलं फूल देठातून पाणी पितं. प्रवासात देठाचं टोक सुकतं आणि आतल्या नळ्यांत हवा शिरते, त्यामुळे नंतर बादलीत उभं केलं तरी पाणी वर चढत नाही. म्हणून माल आल्याआल्या टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापायचं, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची आणि सावलीत, वारा नसलेल्या जागी बादलीत उभं करायचं. कापायला धारदार कटर घ्या. बोथट कात्रीनं देठ चेपतो. बादली आधी घासलेली हवी, कालच्या फुलांचा बुळबुळीतपणा तिच्यात राहिला तर नव्या फुलांचे देठ लवकर कुजतात. गुलाबाला अर्धी बादली पाणी, जर्बेऱ्याला मात्र चारच बोटं. त्याचा देठ लवदार असतो, खोल पाण्यात तो सडतो. मी फुलांना किमान पाच-सहा तास देते, जमलं तर अख्खी रात्र. त्यामुळे माझी खरेदी आदल्या दिवशी पहाटेच उरकलेली असते.

सुट्ट्या फुलांची गोष्ट वेगळी. झेंडू आणि शेवंती रात्रभर प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंबून ठेवतात. सकाळी त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा, मध्यभागी चक्क गरम लागतं. तीच फुलं दुपारपर्यंत काळी पडतात. आल्याबरोबर पोतं उघडा आणि ओलसर गोणपाटावर फुलं पातळ पसरा. एवढी जागा नाही म्हणणाऱ्यांनी कमी काम घ्यावं.

बादल्या कुठं ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. वैशाखातलं एक लग्न मला चांगलं आठवतं. वरच्या हॉलचं काम माझ्याकडं होतं, खालच्या हॉलचं दुसऱ्या एका डेकोरेटरकडं. त्याच्या पोरांनी कार्नेशन आणि ऑर्किड आदल्या संध्याकाळी व्यवस्थित कापून बादल्यांत लावले, आणि थंड म्हणून कार्यालयाच्या सामानाच्या खोलीत ठेवून दार ओढून घेतलं. एका पार्टीच्या जेवणात आमरस होता. त्यांच्या आंब्याच्या पेट्या त्याच खोलीत, गवतात, पिकायला लावलेल्या. सकाळी दार उघडलं तर आंब्याचा घमघमाट. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या, ऑर्किडच्या काड्यांवरची फुलं निम्मी खाली गळालेली.

"ताई, पाणी तर रात्री काठोकाठ भरलंय की. मग हे असं का झालं?" त्यातला एक पोरगा रडकुंडीला येऊन मला विचारत होता.

पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. आंबा, केळी यांतून तो भरपूर सुटतो. आढीतल्या एका आंब्यानं दुसरा पिकतो तो यामुळेच. कार्नेशन आणि ऑर्किडला हा वायू अजिबात सोसत नाही. मिटलेलं कार्नेशन पुन्हा उघडत नाही, मग त्याला पाणी द्या नाहीतर बर्फ. मुहूर्ताला तीन-एक तास उरले होते. माझ्याकडचा जादा झेंडू आणि निशिगंध मी खाली पाठवला, त्यांच्या माणसानं बाजारातून शेवंती आणली आणि कसंबसं स्टेज उभं राहिलं. नवरीनं निवडलेला गुलाबी-पांढरा रंग मात्र गेला तो गेलाच. तिच्या फोटोंत तो कधीच येणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कुठल्याही खोलीत बादली ठेवण्याआधी मी आचाऱ्यांना गाठते: "मामा, फळं कुठं ठेवणार?" दोन मिनिटांचा प्रश्न आहे. घरच्या फ्रिजमध्ये फळांशेजारी फुलं ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. ऑर्किड तर फ्रिजमध्ये घालूच नये, फार थंडीनंही ते खराब होतं.

कमानीच्या डोक्यावर सगळं वजन

फुलं खोचायच्या हिरव्या फोमची एक वीट साधारण २३ × ११ × ८ सेंटिमीटरची असते. म्हणजे दोन लिटरचं आकारमान, आणि पूर्ण भिजली की जवळपास दोन किलो वजन. फोटोत कमानीची वरची बाजू भरगच्च दिसते म्हणून नवी मंडळी वर दहा विटा बांधतात. हे झाले वीस किलो, तेही साडेसात-आठ फुटांवर, आणि खाली दोन बारीक पाय.

त्यात आपल्याकडचा वळीव. चारपर्यंत रणरणतं ऊन, पाचला वारा सुटतो आणि बघता बघता धुळीचे लोट. शहराबाहेरच्या एका लॉनवर संध्याकाळच्या लग्नाची कमान अशीच जड डोक्याची होती. लावणाऱ्यानं ती सकाळच्या पार्टीच्या मांडवाच्या खांबाला सुतळीनं बांधली. म्हणाला, "कुठं पडतीया? खांब हाय की." दुपारी सकाळचं लग्न आटपलं, मंडपवाल्यानं सुतळी कापली आणि आपला खांब घेऊन गेला. त्याला काय माहीत सुतळी कशाची? साडेपाचला वारा आला आणि अख्खी कमान फ्रेमसकट खुर्च्यांवर आडवी झाली. करवल्या तिथंच फोटो काढून नुकत्याच आत गेल्या होत्या. लग्नघर हादरलं.

सामायिक जागेत दुसऱ्याच्या सामानाला आपलं काहीही बांधू नका. कमान स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे. मी प्रत्येक पायावर वाळूचं अर्धं पोतं टाकते, साधारण पंचवीस किलो, आणि ते पानांनी झाकते. फोम किंवा पाण्याचं भांडं लागलंच तर खालच्या तीन फुटांत. वर झेंडूच्या लडी, अशोकाची पानं, कामिनीच्या फांद्या असला हलका माल. उभी झाल्यावर खांद्याच्या उंचीवर धरून जोरात हलवते. डुलली तर वाळू वाढवते, तोवर तिच्याखालून कुणाला जाऊ देत नाही.

फोमचंच आणखी थोडं. वीट पाण्यावर सोडा आणि आपोआप बुडू द्या. हातानं दाबली तर बाहेरून ओली आणि आतून कोरडी राहते, आणि नेमका देठ त्या कोरड्या भागात जातो. एकदा वाळलेली वीट पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणून गेल्या लग्नातल्या विटा साठवून ठेवणं ही खोटी काटकसर आहे. शिवाय हा फोम कुजत नाही, त्याचा चुरा मातीत तसाच राहतो. मला स्वतःला केळीचा खुंट आवडतो. घड कापल्यावर शेतकऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो, आत पाणी भरपूर असतं आणि एका दिवसाच्या लग्नाला तो पुरून उरतो. आडवा ठेवायचा, जुन्या छत्रीच्या काडीनं भोक पाडायचं आणि देठ खोचायचा. कापलेल्या टोकांना मात्र प्लॅस्टिक घट्ट गुंडाळा. केळीचा चीक शालूला लागला तर डाग निघत नाही. केळीचा खुंट मिळत नसेल तर कोंबडीच्या जाळीचा गोळा करून पसरट भांड्यात बसवा आणि पाणी भरा. जाळी पुढच्या लग्नालाही चालते.

थोडी फुलं सगळीकडं वाटणं

बजेट कमी असलं की वाटतं, थोडं गेटला, थोडं जिन्याला, थोडं खुर्च्यांना, थोडं स्टेजला. शेवटी कुठंच काही दिसत नाही. आधी हिशेब करा. झेंडूचं फूल दोन इंचांचं धरलं तर एका चौरस फुटात सहा गुणिले सहा, म्हणजे ३६ फुलं बसतात. मध्यम फूल आठ-दहा ग्रॅमचं. म्हणजे चौरस फुटाला साधारण एक तृतीयांश किलो. आठ बाय आठचा बॅकड्रॉप पूर्ण भरायचा तर वीस-बावीस किलो झेंडू, आणि तो ओवायला माणसं वेगळी. त्याऐवजी एका बाजूनं वरून खाली उतरणारा दोन फुटांचा दाट पट्टा करा. बाकी साधं कापड चुण्या घालून सोडा. नवरा-नवरी ज्या चौकटीत उभी राहतात, तेवढीच खांद्यापासून वर दाट भरा. खुर्च्यांवर बसल्यावर कमरेखालचं कोणालाच दिसत नाही. खुर्च्यांना फुलं बांधणं माझ्या मते शुद्ध उधळपट्टी, पहिल्या पंगतीच्या आधीच ती पायाखाली जातात.

स्टेज ताब्यात आल्यावर कामाला सुरुवात

मॅनेजर म्हणतो, चारला स्टेज मोकळं होईल. चारला तिथं सकाळच्या पार्टीची पाठवणी चाललेली असते. नवरीची आई रडत असताना तिच्या मागं शिडी लावणारे डेकोरेटर मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. त्यांचं लग्नही आयुष्यात एकदाच आहे.

मी सगळं काम दोन बाय चार फुटांच्या जाळीच्या फ्रेमवर शेडमध्येच उरकते, वर ओलं सुती कापड टाकते आणि टेम्पोतून आणते. कार्यालयात फक्त फ्रेमी उभ्या करून केबल टायनं एकमेकींना जोडायच्या. तासाभराच्या आत स्टेज तयार होतं. फ्रेम दारातून आणि जिन्याच्या वळणातून जाते का, हे आधी टेपनं मोजून ठेवा.

दुसऱ्या पार्टीशी आधी बोलून घ्या. गेट एकच असेल तर झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण दोघांनाही चालतं, खर्च निम्मा-निम्मा होतो, फक्त नावाची पाटी बदलायची. बोलणी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर करा आणि कोण किती देणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा. कुणी नको म्हणालं तर आग्रह धरू नका, काही घरांना आपलं तोरण आपलंच हवं असतं.

थोडक्यात सांगण्यासारख्या आणखी काही

भिंतीला खिळा ठोकू नका, डिपॉझिट जातं आणि पुढच्या वेळी कार्यालयवाले दारात उभं करत नाहीत.

झुंबर टांगण्याआधी पंखे लावून बघा. बोहल्यावरचं झुंबर इतकं वर हवं की अंतरपाट धरणाऱ्याचे हात आणि फेट्याचा तुरा त्याला लागणार नाही.

होमाच्या जवळ नायलॉनचं कापड किंवा वाळलेली सजावट नको. गुरुजींना होमकुंडाची जागा आधी विचारा आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा.

हॅलोजन फुलांपासून लांब ठेवा. त्याच्या उष्णतेनं गुलाबाच्या कडा तासाभरात करपतात.

पांढऱ्या कापडावर पांढरा निशिगंध फोटोत हरवतो. मागं मेंदी रंग किंवा गडद मरून घ्या.

रंगवलेला निळा निशिगंध घेऊ नका. ओला झाला की रंग सोडतो, आणि तो सोडायला त्याला नेमका नवरीचा शेलाच सापडतो.

फुलं लावून झाल्यावर सतत स्प्रे मारणारी पोरं फार आहेत. पाकळ्यांवर साचलेल्या पाण्यानं निशिगंधावर तपकिरी डाग येतात. देठाला पाणी मिळालं असेल तर स्प्रेची गरजच उरत नाही.

उतरवणीचे पैसे न धरणं

कोटेशन देताना नवखे लावण्याचेच पैसे धरतात. रात्री अकराला मॅनेजर हॉल रिकामा मागतो, तेव्हा मजूर गेलेले असतात. मग सगळं तारेसकट ओरबाडून कोपऱ्यात टाकलं जातं, आणि सकाळी ते पंचगंगेच्या काठावर पोहोचतं. नदीची अवस्था आपल्याला माहीत आहे. उतरवणीला दोन माणसं आणि एक टेम्पो आधीच धरा. तार, केबल टाय आणि फोम एका पोत्यात, फुलं-पानं दुसऱ्या पोत्यात. फुलांचं पोतं मी शेतकऱ्याकडं खताच्या खड्ड्यात पोहोचवते. केळीचे खुंटही त्यातच जातात, फक्त टोकांचं प्लॅस्टिक आधी सोडवायचं.