मुलांसोबत दिवाळीचा किल्ला करताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमच्याकडे यंदा किल्ल्याचं सहावं वर्ष. मोठा तेव्हा चार वर्षांचा होता आणि धाकटी नुसती रांगत होती, आणि त्या पहिल्या वर्षी आमचा किल्ला लक्ष्मीपूजनाच्या सकाळी जो बसला तो बसलाच, महाराज तोंडावर आणि मावळे खालच्या काकूंच्या तुळशीत. त्यानंतर दरवर्षी काही ना काही नवीन चुकतच आलंय, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून टाकावं, सहामाही संपली की तुमच्याही घरी "आई किल्ला कधी" सुरू होईलच.

मातीत घोळ

निम्मे किल्ले इथेच पडतात. आम्ही पहिल्या वर्षी गावाहून काळी माती आणली होती, मस्त चिकट, थापायला मजा आली, पण काळी माती वाळताना आकसते, दोन दिवसांत अशा भेगा पडल्या की धाकटीचं बोट आत जात होतं. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून कुंड्यांसाठी पिशवीत मिळते ती कोकोपीटवाली माती आणली, ती तर थापलीच जात नाही, पाणी मारलं की भुसभुशीत होऊन खाली येते. नर्सरीत लाल माती मिळते ती आणा, चाळून खडे काढा (हे काम पोरांना द्या, तास दीड तास घर शांत), थोडा भुसा किंवा शेण मिळालं तर ते घाला आणि थालीपिठाच्या पिठाइतकी सैल कालवा. काळीच माती हाताशी असेल तर त्यात वाळू मिसळा, भेगा बऱ्याच कमी होतात.

आणि अख्खा डोंगर मातीचा करायला जाऊ नका. आत विटा, दगड, फुटक्या कुंड्या, जे असेल ते रचायचं, त्यावर जुनं गोणपाट. गोणपाट कोरडंच टाकलं तर त्यावर माती धरत नाही, घसरते, आधी ते पातळ कालवलेल्या मातीत बुडवून मग अंथरायचं, अर्धा दिवस ओढू द्यायचं आणि मग वरून जाड थर. आम्हाला हे तिसऱ्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

झेपत नसताना रायगड

सगळ्यांना रायगडच करायचा असतो. पण रायगडाचे उभे कडे मातीत करणं म्हणजे मोठ्यांनाही नाकी नऊ, पाच वर्षांच्या पोराला तर त्यात करण्यासारखं काही उरतच नाही. त्यापेक्षा राजगड घ्या, मधे बालेकिल्ल्याचा एक ढेकूळ आणि तीन बाजूंना तीन माच्या, पद्मावती, सुवेळा, संजीवनी. पोरं तीन असतील तर एकेकाला एकेक माची, भांडण निम्मं मिटतं. अगदी लहानांना लोहगड सोपा, विंचूकाटा म्हणजे एक लांब शेपूट थापायची, बस. जागाच नसेल तर जुन्या टबमध्ये पाणी भरून सिंधुदुर्ग, डोंगराची कटकटच नाही, नुसती तटबंदी. मात्र जलदुर्ग म्हणून जंजिरा करून त्यावर महाराज बसवू नका, तो काही शेवटपर्यंत स्वराज्यात आला नाही, आणि सोसायटीत हे बोलून दाखवणारा एक जण असतोच.

आम्ही आता एक ठरवलंय. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, 11 महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यातला दरवर्षी एक करायचा, आणि जमला तर पावसाळा संपल्यावर तोच बघून यायचा. हिशोब केला तर मोठा कॉलेजला जाईल तेव्हा जिंजीचा नंबर लागेल, बघू तोपर्यंत चिखलात हात घालतो का.

अळीव चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या पद्धतीने

किल्ल्यावर हिरवळ हवी तर अळीव किंवा मोहरी. गहू किंवा नाचणी पण येते पण जरा वेळ लावते, आणि गव्हावर कबुतरं तुटून पडतात. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतो, म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरला की बरोबर बसतं. आम्ही एकदा उत्साहात पंधरा दिवस आधी पेरला तर दिवाळीपर्यंत सगळं पिवळं पडून आडवं.

अळीव भिजवून ठेवू नका! मी लाडवाच्या सवयीने वाटीभर भिजवला, सकाळी वाटीत नुसता गिळगिळीत गोळा, तो हातालाच चिकटत होता आणि पोरांना मात्र त्यातच सगळ्यात जास्त मजा आली. कोरडाच भुरभुरायचा, माती ओली असली की तो आपोआप फुगून चिकटतो, उतारावरून घसरतही नाही. दाट पेरला तर खाली बुरशी धरते. आणि पाणी मगाने अजिबात नाही, स्प्रेच्या बाटलीने, नाहीतर आमच्यासारखं बी सगळं पायथ्याशी येऊन तिथेच जंगल आणि वर टक्कल. ऊन कडक असेल तर कोंब फुटेपर्यंत ओलं सुती फडकं टाकून ठेवा.

परदेशात असाल तर अळीव म्हणजे तिकडची गार्डन क्रेस, तेच बी. बाहेर थंडी असेल तर ओव्हनच्या ट्रेमध्ये छोटा किल्ला करून खिडकीत ठेवा, उगवतं.

रात्री "जरा नीट करून ठेवतो"

ही चूक सगळ्यात महाग पडली. तिसऱ्या वर्षी मोठ्याने दोन संध्याकाळी बसून पायऱ्या केल्या होत्या, वाकड्या, एक बोटभर तर पुढची वीतभर, महादरवाजा एवढा बुटका की मावळ्याला झोपूनच आत जावं लागलं असतं. पोरं झोपल्यावर नवऱ्याच्या अंगात इंजिनिअर आला. स्केलपट्टी घेऊन बसला, सगळ्या पायऱ्या एकसारख्या, दरवाजाला कमान, वर बुरूज, रात्रीचा एक वाजला. मी पण कौतुक केलं, खोटं कशाला सांगू. सकाळी मोठा ब्रश तोंडात घेऊनच गॅलरीत गेला, दोन मिनिटं बघत उभा राहिला, म्हणाला "छान आहे. पण माझा कुठेय?" आणि आत निघून गेला. त्या दिवाळीत तो किल्ल्याकडे परत फिरकला नाही, पाणीसुद्धा मीच मारत होते.

तेव्हापासून नियम असा की मोठ्यांनी विटा उचलायच्या, गोणपाट टाकायचं आणि गप्प बसायचं. तीन वर्षांच्या मुलाला चिखल कालवणं आणि अळीव भुरभुरणं, सहा-सात वर्षांच्याला पायऱ्या, विहीर, गुहा. हात शिवशिवत असतील तर फराळाच्या करंज्यांना मुरड घाला. आणि महाराज कुठल्या दिशेला बसणार, दारात पहारेकरी म्हणून डायनासोर चालतो का, पायथ्याच्या शेतात ट्रॅक्टर का, असले वाद घालू नका. आमच्या गडावर गेल्या वर्षी एक प्लास्टिकचा पेंग्विनपण होता, धाकटी म्हणे तो बाजारात भाजी घ्यायला आलाय.

याच कारणाने पहिल्या दोन-तीन वर्षांत सोसायटीच्या किल्ला स्पर्धेत नाव देऊ नका. नाव दिलं की आपोआप आईबाप घुसतातच.

बाकी किरकोळ, पण त्रासदायक

खंदकात पाणी टिकत नाही ही कॉमन तक्रार. माती ते पिणारच, खाली जाड प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबा. गॅलरीत करत असाल तर अख्ख्या किल्ल्याखालीच प्लास्टिक घाला, नाहीतर खालच्यांचे कपडे लाल, आणि मग फराळाचं ताट घेऊन माफी मागायला जा.

दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर परतीचा पाऊस नक्की गाठतो. ताडपत्री आधीच हाताशी ठेवा, पाऊस आल्यावर शोधू नका.

मांजर. ताजी भुसभुशीत माती तिला कशासाठी हवी असते ते सांगायला नको, रात्री वर जाळी किंवा उलट्या टोपल्या.

पणत्या सुक्या गवताजवळ, उघड्या राहिलेल्या गोणपाटाजवळ ठेवू नका, सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि मूल एकटं तिथे असताना तर नकोच. घरात वर्ष-दीड वर्षाचं बाळ असेल तर बोटभर मावळे, मणी, तोफेचे गोळे त्याच्या हाताला लागणार नाहीत असे वरच्या टप्प्यावर, आमची धाकटी तेव्हा दिसेल ते तोंडात घालायची.

शेवटच्या दिवशी किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून उडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, आम्हीपण लहानपणी केलंय, पण एक तर त्यात खडे उडतात, आणि ज्या पोराने आठ दिवस पाणी घातलंय त्याला विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. आमच्याकडे भाऊबीज झाली की आधी मावळे ब्रशने पुसून वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात, मग माती कुंड्यांमध्ये, विटा परत जिन्याखाली. खोक्यावर धाकटी दरवर्षी काहीतरी लिहिते. गेल्या वर्षीचं आहे, "तोफवाल्याचा हात तुटलाय हळू काढा".