शून्य सावली नीट कशी बघावी

सूर्य थेट डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच दडते, दिसतच नाही. हीच शून्य सावली. सूर्य असा डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांत, वर्षातून दोनदा. अख्खा महाराष्ट्र या पट्ट्यात येतो. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस. नागपुरात मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याला. जुलैत ढग असतात, म्हणून मे गाठाच.

पीव्हीसी पाइपचा 30 सेंमी तुकडा घ्या, टोकं गुण्या लावून काटकोनात कापा. फरशी पाणसळीने तपासा, कारण गच्चीला पाणी वाहून जायला उतार दिलेलाच असतो. खाली पुठ्ठ्याच्या घड्या सारून पाट समतल करा, त्यावर पाइप उभा करा, ओळंब्याने दोन बाजूंनी जुळवा. एक अंश कलला तरी 5 मिमी सावली उरते.

सगळ्यात जास्त चूक होते वेळेत. बरोबर बाराला बघू नका! मे महिन्यात मुंबईत सूर्य 12:35च्या सुमारास माथ्यावर येतो, पुण्यात 12:31ला. चार मिनिटं चुकली तर पुन्हा तेवढीच 5 मिमी सावली. तारखेचं तसं नाही. एका दिवसाने जेमतेम 1 मिमी फरक पडतो.

पाइपमधून वर सूर्याकडे मात्र कधीही बघू नका.