एका गाण्याच्या कार्यक्रमातून दहा मुलांना काम कसे द्यावे

गणेशोत्सव, नवरात्र, भीमजयंती आणि उरूस यांत वाढलेल्या मराठवाड्यातील माणसाला कार्यक्रम कसा उभा करावा हे शिकवावे लागत नाही, म्हणून मंडप, खुर्च्या आणि पाहुण्यांचे हार यांविषयी येथे काही लिहीत नाही. त्याच कार्यक्रमात वाजवणाऱ्या, गाणाऱ्या, निवेदन करणाऱ्या आणि ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलामुलींना पुढचे काम कसे मिळेल, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

तारीख ठरवताना सभागृहाच्या आधी शेती आणि लग्नसराई पाहावी. सोयाबीनच्या काढणीत गावाकडची मुले शेतात असतात; बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड कुटुंबे दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यामुळे हिवाळ्यात तालमी ठेवल्या तर त्या घरांतील मुले आपोआप वगळली जातात; आणि मे महिन्यात साउंडवाला लग्नांत अडकलेला असतो. पेरणी आटोपल्यानंतरचा ऑगस्ट, बंदिस्त सभागृहात, हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. त्याला आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईल.

मुले शोधण्यासाठी जाहिरात देऊ नये. तुळजापूरच्या परिसरातील देवीची गाणी गाणारे आराधी मेळे, परभणीच्या उरुसातील कव्वाली, गावोगावची भजनी मंडळे आणि विद्यापीठांचे युवक महोत्सव येथे जाऊन बसावे. गाणारे-वाजवणारे मिळून पाचच घ्यावेत. उरलेल्या पाच जागा निवेदन, ध्वनी, प्रकाश, चित्रीकरण आणि फलकाची मांडणी यांसाठी ठेवाव्यात, कारण लातूर-नांदेडसारख्या शहरांतही वर्षभर काम मिळते ते याच लोकांना.

गाणी निवडताना पारंपरिक आणि मुलांच्या स्वतःच्या रचनांना अर्ध्याहून अधिक वेळ द्यावा. गोंधळ, भारूड, ओवी यांच्या मूळ पारंपरिक रचनांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो; चित्रपटगीते तिकीट लावून सादर करायची असतील तर मात्र हक्कधारकांचा परवाना घ्यावा लागतो. स्वतः लिहिणाऱ्या किंवा चाली बांधणाऱ्या मुलाला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेची माहिती याच वेळी द्यावी. ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून आठ-दहा दिवस आधी काढावा.

आता मानधन. या टप्प्यावर मी स्वतः अनेकदा चुकलो आहे आणि बहुतेक आयोजक आजही येथेच चुकतात. “मुलांना आधी व्यासपीठ द्या, पैसे नंतर येतील” हा सल्ला मी ऐकला, पाळला आणि इतरांनाही दिला. एका वर्षी प्रायोजकाने भर बैठकीत रक्कम जाहीर केली, आम्ही तिच्या भरवशावर फलक छापले, आणि कार्यक्रमानंतर निम्मीच रक्कम हाती आली. साउंडवाला आणि सभागृह यांचे देणे आधी भागवावे लागले. मुलांच्या वाट्याला शाल-श्रीफळ आले. रात्री बसस्थानकावर एकोणीस वर्षांचा एक संबळवादक नारळ मांडीवर ठेवून बसला होता. संबळ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले होते आणि शाल संबळावर घातलेली होती. त्याने एवढेच विचारले, “दादा, गाडीभाडं तरी मिळंल का?” दोन दिवसांची मजुरी बुडवून तो आला होता. पुढच्या वर्षी बोलावले तेव्हा तो आला नाही, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

तेव्हापासून काही नियम मी मोडत नाही. प्रायोजकाची रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय फलक छापायला द्यायचा नाही. तोंडी शब्द कितीही मोठ्या माणसाचा असला तरी हिशेबात धरायचा नाही. जमलेल्या रकमेतून आधी मानधन आणि प्रवासखर्च बाजूला काढायचा, मग उरलेल्यात सजावट बसवायची. रक्कम कमी पडली तर पाहुणे कमी करावेत, फुले कमी करावीत, एखादा कलाकार पुढच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवावा, पण ठरलेला दर कापू नये. ध्वनी सांभाळणाऱ्या मुलीला गायकापेक्षा कमी देऊ नये. असा भेद केला की पडद्यामागचे काम शिकायला कोणी तयार होत नाही.

हे सर्व एका पानावर साध्या मराठीत लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात: काम कोणते, तालमी किती, रक्कम किती, प्रवासखर्च किती, चित्रीकरण कोण व कोठे वापरणार. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे सादरीकरणाच्या ध्वनिमुद्रणावर कलाकाराचाही हक्क असतो, त्यामुळे शेवटचा मुद्दा सोडू नये. निम्मे मानधन पहिल्या तालमीला आणि उरलेले त्याच रात्री, सभागृह सोडण्यापूर्वी, थेट मुलाच्या खात्यात जमा करावे. “मुलांना पैशाची चटक लागते” असे म्हणणारे ज्येष्ठ भेटतात. त्यांना तो कागद दाखवावा आणि वाद घालू नये.

कार्यक्रमाच्या दिवशी बॅलन्सिंगसाठी, म्हणजे गळा आणि वाद्यांचे आवाज एकमेकांशी जुळवण्यासाठी, पूर्ण दोन तास राखावेत आणि ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवर साउंडवाल्याशेजारी आपली प्रशिक्षणार्थी मुलगी बसवावी. पडदा साडेसहाला उघडावा, म्हणजे रात्री दहाची ध्वनिक्षेपकाची मर्यादा पाळता येते आणि तालुक्याला जाणाऱ्या मुलींची शेवटची एसटी चुकत नाही. एसटी नसेल तर गाडीची सोय आयोजकाने करावी.

चित्रीकरण दोन कॅमेऱ्यांनी करावे आणि आवाज थेट मिक्सरमधून घ्यावा. मोबाइलवर टिपलेल्या आवाजावर कोणी पुढचे काम देत नाही. आठवड्याच्या आत प्रत्येकाला स्वतःची तीन मिनिटांची चित्रफीत, आपले नाव असलेल्या नामावलीची प्रत आणि केलेल्या कामाचे पत्र द्यावे. ऑगस्टचा आग्रह यासाठीच आहे: या तीन गोष्टी हाती आल्या की लगेच १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो, तेव्हा महाविद्यालये आणि नगरपालिका गायक व निवेदक शोधत असतात, आणि गणेशोत्सव व नवरात्रही याच सुमारास येतात. चित्रफीत पाठवून थांबू नये. पहिल्या दोन ठिकाणी आयोजकाने स्वतः मुलासोबत जावे, दराचे बोलणे मात्र मुलालाच करू द्यावे.